दोन पट्ट्या आणि एक आवाज

शिंप्याला त्या दिवशी त्याचा आवाज परत मिळायचा होता, आणि नेमक्या त्याच सकाळी मामींच्या मशीननं हात वर केले.

शिंप्याचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची धावपळ कशासाठी ते कळायचं नाही. घशाच्या दुखण्यात त्याची स्वरपेटी काढावी लागली होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातल्या आवाजाच्या खोलीत बसवलं. ही खोली म्हणजे भिंतींना जाड स्पंज, दाराला रबराची कड, आत गेलं की आपल्याच पोटातली गुडगुड ऐकू यावी अशी. तिथं मामींनी त्याच्याकडून वाक्यं वाचून घेतली. साधी वाक्यं, प्रश्नाची, रागाची, लाडाची. काचेपलीकडून मामींचा दम चालूच असायचा. "अहो, 'जेवलीस का' असं विचारताय की चोराची झडती घेताय? पुन्हा म्हणा." शिंपी हसायचा आणि पुन्हा म्हणायचा. या सगळ्यातून मशीननं त्याच्या आवाजाचा साचा तयार केला होता. तो साचा एकदा शिंप्याच्या फोनमध्ये घातला, की शिंपी जे टाइप करील ते फोन त्याच्या आवाजात बोलणार. ऑपरेशन तर होऊन गेलं होतं. त्या गळ्यातून आता शब्द निघणार नव्हता, आणि तो आवाज सगळ्या जगात फक्त मामींच्या मशीनमध्ये होता. दुपारी शिंपी आणि त्याची बायको यायची होती.

आता मामी. त्या डॉक्टरांच्या सख्ख्या मामी. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. वायरींच्या जंगलात अर्धं आयुष्य काढलं, मग वायरी जाऊन कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या बायकांनी तेव्हा कपाळाला हात लावला आणि मामींनी कंबर कसली. निवृत्त झाल्यावर भाच्यानं गळ घातली, "मामी, नवीन माणूस मिळेपर्यंत चार दिवस येऊन बसा." तो नवीन माणूस अजून मिळायचाय. आवाजाचं सॉफ्टवेअर लिनक्स नावाच्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालायचं, म्हणून मामी लिनक्स शिकल्या. शिकल्या म्हणजे काय, भांडून भांडून ओळख करून घेतली. मशीनशी त्या सरळ एकेरीवर बोलत. "का रे बाबा, काय दुखतंय तुझं? ऊठ की आता!" बाहेर बसलेल्या पेशंटना वाटायचं, आत कुणीतरी महा आळशी मुलगा कामाला ठेवलाय.

आणि मामा म्हणजे मामींचे यजमान. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. लोकांनी घड्याळं बांधायचं सोडलं तसं दुकान बंद झालं, पण हाताला चाळा हवा म्हणून भाच्यानं त्यांना पेशंट बसतात त्या खोलीत, खिडकीपाशी एक टेबल दिलं. डोळ्याला भिंग लावून ते तिथं बसत आणि कुणाचं बंद पडलेलं घड्याळ असेल तर चालू करून देत. स्वभाव गरीब, पण एक खोड होती. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ दिसलं की त्यांच्या पोटात दुखायचं. एकदा बँकेत गेले, तिथलं भिंतीवरचं घड्याळ मागं पडलेलं दिसलं, तर सरळ खुर्चीवर चढले. रखवालदारानं हाताला धरून खाली उतरवलं. मामींच्या मते हा आजार होता. मामांच्या मते आजारी होतं ते बाकीचं जग.

तर त्या सकाळी मामींनी नेहमीसारखी पर्स खुंटीला अडकवली, पंखा लावला आणि मशीनचं बटण दाबलं. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. इथवर सगळं ठीक. मग ओळी थांबल्या. ज्या डिस्कवर सगळं आहे ती डिस्क कुठं सापडत नाही, असं मशीननं इंग्रजीत सांगितलं आणि खाली एक पांढरा चौकोन लुकलुकत ठेवला.

"काय म्हणालास?" मामींनी विचारलं.

चौकोन लुकलुकत राहिला. मामींनी बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी वायरी काढून घातल्या, प्लग बदलला, पडद्याला एक चापट मारली. पडद्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता, पण राग कुठंतरी निघायला हवा.

मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. जुन्या पद्धतीच्या जड डबीसारख्या नव्हेत, तर च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या, बोर्डावर स्क्रूनं बसवलेल्या. मामी त्यांना पट्ट्याच म्हणायच्या. मुद्दाम दोन घेतल्या होत्या. एकीवर काही लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच लिहिलं जायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच, असा हिशेब. दोघी एकदमच बेपत्ता होतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिसरी प्रत बाहेरच्या एका डिस्कवर काढून ठेवायची शिस्त होती, पण ती डिस्क टेबलावरून पडून कामातून गेली होती आणि नवीन आणायचं आज-उद्या, आज-उद्या चाललं होतं. मामींना ते आठवलं आणि त्यांनी जीभ चावली.

अडीनडीला लागेल म्हणून त्यांनी एका पेनड्राइव्हवर लिनक्स भरून ठेवलं होतं. तो लावून मशीन उठवलं. उठलं. मग विचारलं, सांग, तुला कोणकोणत्या डिस्क दिसतात? पेनड्राइव्हनं प्रामाणिकपणे स्वतःचं नाव सांगितलं. दुसरं कुणी नव्हतंच. मामींच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात मामा दारात येऊन उभे राहिले. "अगं, मी काय म्हणतो..."

"आत्ता काही म्हणू नका!" मामी मागं न बघताच म्हणाल्या. "इथं माझ्या जिवाला घोर लागलाय."

मामा परत गेले.

डॉक्टर आले. मामींचा चेहरा बघूनच त्यांनी दार लावून घेतलं. "मामी, काय झालं?"

"पट्ट्या दिसत नाहीत."

"एक की दोन?"

"दोन्ही."

डॉक्टर स्टुलावर बसले. पेशंटसमोर कधी न डगमगणारा माणूस, पण आता त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणजे शिंप्याचं..."

"हो. तेही त्यातच."

"मामी, मी त्याला शब्द दिलाय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, आवाज तेवढा सांभाळा. मी म्हटलं, आमच्याकडे आहे, निर्धास्त राहा. आता काय सांगू त्याला? परत ये आणि परत वाच? कशानं वाचेल तो?"

मामींना ते ऐकवेना. "तू बाहेरचे पेशंट बघ बाबा. मला विचार करू दे."

डॉक्टर गेले आणि मामा पुन्हा आले. हातात मामींचा चहा होता. आधीच निवलेला, म्हणजे कप हातात धरून बराच वेळ दाराबाहेर उभे होते.

"डिस्क जळतात का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कशानं जळतील?"

"असंच. समजा कुणी..."

"अहो, ती काय चुलीवर ठेवलीय? चहा ठेवा आणि जा बघू. डोकं चालेनासं झालंय माझं."

मामांनी चहा ठेवला. जाताना दाराच्या चौकटीला अडखळले. एरवी मामींच्या नजरेतून हे सुटलं नसतं, पण आज त्यांची नजर पडद्यावर खिळलेली होती.

त्या बसून राहिल्या. आणि बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट खटकली. पेनड्राइव्ह लावायच्या आधी मशीन जेवढं काही उठलं होतं, त्या पांढऱ्या ओळी आल्या होत्या, त्या आल्या कुठून? त्या तर त्या पट्ट्यांवरच लिहिलेल्या होत्या!

"थांब, थांब," मामी मशीनला म्हणाल्या. "मेलेला माणूस दारापर्यंत चालत येऊन 'मी मेलो' असं सांगतो का? नाही ना? मग?"

म्हणजे पट्ट्या जिवंत होत्या. मशीनला स्वतःला त्या दिसत होत्या; तिथूनच ते सुरुवातीचं थोडं वाचत होतं. मग लिनक्स जागं होऊन कारभार हातात घ्यायचं, आणि त्याला मात्र त्या दिसत नव्हत्या. मामींना एकदम हायसं वाटलं. अजून हाती काही लागलं नव्हतं, पण निदान सुतक तरी नव्हतं. त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

आता प्रश्न राहिला मधल्या माणसाचा. डिस्क आणि बाकी मशीन यांच्यामध्ये कंट्रोलर म्हणून एक भाग असतो. तो डिस्कचा दारवान. आत कुणाला भेटायचं तर याच्यामार्फत, आणि याच्याशी बोलायचं तर याची भाषा येणारा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे लिनक्समधला दुभाषा म्हणा. मामींचा संशय पहिला गेला दुभाष्यावर. नुकतंच त्यांनी लिनक्स अद्ययावत केलं होतं. नव्या आवृत्तीत दुभाषाच विसरला असेल तर? त्यांनी जुनी आवृत्ती निवडून मशीन उठवलं. तीच रड. आतून यादी काढून बघितली, तर दुभाषा हजर, दारवानही हजर, दोघांची गाठही पडलेली. फक्त दारवान म्हणत होता, आत कुणी नाही.

"खोटारडा," मामी म्हणाल्या.

पट्ट्या काढून दुसऱ्या मशीनला लावून बघाव्यात, तर दवाखान्यातलं दुसरं मशीन म्हातारं. त्याला असल्या पट्ट्या लावायची जागाच नव्हती. शेवटी मामींनी ज्याच्याकडून मशीन घेतलं होतं त्या दुकानदाराला फोन लावला. तो गिऱ्हाइकांच्या गर्दीत होता. त्यानं अर्धंच ऐकलं आणि पूर्ण उत्तर दिलं.

"काकू, एकदम सोपं आहे. मशीन चालू करताना सेटिंगमध्ये शिरा. तिथं डिस्कची जोडी बांधायचं पान आहे. दोन्ही डिस्क निवडा, नवीन जोडी बनव म्हणा, बस. लगेच दिसायला लागतील."

"नक्की दिसतील?"

"शंभर टक्के. ठेवू का?" आणि ठेवलाही.

मामींनी डॉक्टरांना हाक मारली. एकटीनं हे करायला धीर होईना. दोघं पडद्यापुढं बसले, मामी सेटिंगमध्ये शिरल्या, आणि त्या पानावर बघतात तर काय, दोन्ही पट्ट्या आपापल्या नंबरासकट रांगेत उभ्या!

"अगं बायांनो, इथं बसलात होय!" मामींनी टाळीच वाजवली. "बघ रे, दोघी आहेत. मी म्हटलं नव्हतं?"

डॉक्टरांना काय म्हटलं होतं ते माहीत नव्हतं, पण त्यांनी जोरजोरात मान हलवली. मामींनी दोन्ही निवडल्या. 'नवीन जोडी बनव' वर गेल्या. मशीननं विचारलं, करू? मामींचं बोट खाली जात होतं, आणि जाता जाता त्यांनी त्या प्रश्नाच्या खालची बारीक ओळ वाचली. दोन्ही डिस्कवर आत्ता जे काही आहे ते सगळं पुसलं जाईल, असं तिथं लिहिलं होतं.

बोट वरच्या वर थांबलं. मामींनी हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला, जणू तो आपला आपण पुढं जाईल.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले. "तो शंभर टक्के दिसतील म्हणाला ना?"

"दिसतील रे. कोऱ्या करकरीत दिसतील!"

डॉक्टरांना कळायला क्षणभर लागलं आणि मग त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. त्या दुकानदाराला मामींनी जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगता येईल की एक्स्चेंजमध्ये असताना लोकांच्या शिव्या बऱ्याच ऐकाव्या लागायच्या आणि मामींची स्मरणशक्ती चांगली होती. त्यांनी 'नाही' वर जाऊन बटण दाबलं, दोनदा खात्री केली आणि खुर्चीत मागं रेलल्या.

आणि तसं रेलून पडद्याकडं रागानं बघत असताना त्यांना वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं.

सेटिंगच्या पानावर वरती मशीनची स्वतःची वेळ दिसते. मामींच्या मशीनचं हे घड्याळ म्हणजे चेष्टेचा विषय होता. आतला सेल थकलेला, त्यामुळे मशीन बंद करून चालू केलं की ते कधी तासानं मागं असायचं, तर कधी सरळ कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन बसायचं. मामी लक्ष देत नसत, कारण लिनक्स उठलं की इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घ्यायचं आणि सगळं सरळ व्हायचं. पण आज ते लिनक्स उठलंच नव्हतं, आणि पेनड्राइव्हवरचं लिनक्स इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं. मग हे घड्याळ बरोबर कसं? आणि नुसतं बरोबर नव्हे. मामींनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, तर दोन्हींचे सेकंद एकाच तालावर पडत होते. यंत्राला कुणीतरी शेजारी बसून, श्वास रोखून, सेकंदावर वेळ लावून दिली होती. असलं काम करणारा माणूस मामींच्या ओळखीत एकच होता, आणि त्याच्याशी त्यांचं लग्न झालेलं होतं.

"अहो," मामींनी हाक मारली. आवाज मोठा नव्हता, आणि म्हणूनच डॉक्टर दचकले. "जरा आत या."

मामा आले. डोळ्याचं भिंग काढायचंही विसरले होते.

"या मशीनची वेळ कुणी लावली?"

मामांनी भिंग काढलं. हातात फिरवत राहिले. "मी," ते म्हणाले. "काल संध्याकाळी काम आटपून तू बाजारात गेलीस ना, तेव्हा. सकाळी तू ते चालू करताना त्याच्यावर भलतंच साल दिसलं गं. परवाही दिसलं होतं. मी स्वतःला पुष्कळ समजावलं, आपल्याला काय करायचंय. पण बघवेना. मग वायर काढली आणि उघडलं. आत सेल होता, मनगटी घड्याळात असतो तसलाच, थोडा मोठा. माझ्याकडं होता तसला. बदलला."

"आणि?"

"चालू केलं तर काहीतरी मोठंच्या मोठं इंग्रजीत आलं. सेटिंग विसरलोय, असं काहीतरी. मी आत गेलो, वेळेचं पान शोधलं, वेळ लावली, जतन कर म्हटलं. मग ते तक्रार करेना. म्हटलं झालं काम, आणि बंद करून टाकलं." मामांनी भिंग मुठीत धरलं. "ठिणगी बिणगी उडाली असेल. माझ्या हातून जळाल्या ना गं त्या? सकाळपासून सांगायला येतोय, पण तू... त्या शिंप्यानं मला त्याचं मनगटी घड्याळ देताना हातावर हात ठेवला होता. बोलता येत नाही म्हणून. आणि मी त्याचाच आवाज घालवला."

एवढं बोलून मामा खाली बसले, जिथं खुर्ची नव्हती तिथंच, फाइलींच्या गठ्ठ्यावर.

डॉक्टर एकदा मामांकडं, एकदा मामींकडं बघत होते. स्फोट आता होतो का मग होतो, असं त्यांना वाटत होतं. झालाही, पण भलताच. मामी हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतंही.

"अहो, काही जळलं नाही! धडधाकट आहेत दोघी. तो सेल काय नुसता घड्याळासाठी असतो का? मशीनच्या सेटिंगची सगळी आठवण त्याच्यावर चालते; थकला होता तरी तेवढा जीव होता त्याच्यात. तुम्ही तो काढलात, मशीन सगळं विसरलं आणि कारखान्यातून आलं होतं तसं वागायला लागलं!"

आणि मग मामींनी जे उलगडून सांगितलं ते असं. कारखान्यातून येताना त्या दारवानाला शिकवलेलं असायचं की, डिस्कची जोडी मी सांभाळणार, मी त्यांना माझ्या पाठीशी झाकून ठेवणार. त्याच्या त्या तऱ्हेची ओळख लिनक्सच्या दुभाष्याला नव्हती. मशीन नवीन आलं तेव्हा मामींनीच सेटिंगमध्ये जाऊन दारवानाला सरळ केलं होतं, झाकाझाकी नको, दार उघडं ठेव, जोडी लिनक्स सांभाळेल म्हणून. एकदाच करायचं काम, मग कोण लक्षात ठेवतंय. आणि खरी गंमत पुढंच होती. दुसऱ्या कुणी सेल बदलला असता तर वेळ लावायच्या भानगडीत पडला नसता. मग मशीननं सकाळी 'मी सगळं विसरलोय' अशी बोंब ठोकली असती आणि मामींना मिनिटात कळलं असतं. पण मामांनी वेळ लावून, जतन करून त्याचं तोंड बंद केलं होतं. काम इतकं चोख की मागमूसही राहिला नाही.

"म्हणजे मी वेळ लावली नसती तर..." मामा म्हणाले.

"तर माझी सकाळ सुखात गेली असती. सरका बाजूला."

मामी सेटिंगमध्ये शिरल्या. कंट्रोलरचं पान उघडलं. जोडीची तऱ्हा होती तिथं साधी तऱ्हा निवडली, जतन केलं आणि बाहेर पडल्या. पडदा काळा झाला. पांढऱ्या ओळी धावू लागल्या. जिथं सकाळी अडल्या होत्या तिथं आल्या, आणि न थांबता तशाच पुढं गेल्या. तिघंही पुढं वाकून बघत होते. मग मामींचा नेहमीचा निळा पडदा आला आणि मशीननं नाव आणि पासवर्ड विचारला.

"आलास बाबा," मामी म्हणाल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी सोडलेला श्वास बाहेरच्या पेशंटपर्यंत ऐकू गेला असेल.

दोन्ही पट्ट्या होत्या, एकीवर होतं तेच दुसरीवर, अक्षर हललं नव्हतं. मामींनी दुसरं काही करायच्या आधी शिंप्याचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं. मग डॉक्टरांच्या खिशातला पेनड्राइव्ह मागून घेऊन त्यावर उतरवलं. मग खात्रीसाठी एक वाक्य लावून बघितलं. स्पीकरमधून शिंप्याचा जाडाभरडा आवाज आला: "उद्या या, आज शिवून होणार नाही." डॉक्टर खो खो हसत सुटले. त्यांची स्वतःची पँट त्या 'उद्या'मध्ये बरीच वर्षं अडकलेली होती.

मामा मात्र हसले नाहीत. ते त्या स्पीकरकडं बघत होते आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली येत होते. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलावा तसं त्यांना झालं असणार. मामींना ते दिसलं. एवढा घोर मनात घेऊन हा माणूस दारातून येत-जात होता आणि आपण त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"ऐका," डॉक्टर बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या. "तुम्ही दोनदा सांगायला आलात. मी बोलू दिलं नाही. माझं चुकलं."

"मला सवय आहे," मामा म्हणाले. दारापाशी वळून म्हणाले, "पण वेळ बरोबर आहे ना आता त्याची?"

"आहे हो, आहे! आणि त्याला पुन्हा हात लावलात तर तुमची वेळ भरेल, सांगून ठेवते."

मामा खुशीत आपल्या टेबलाकडं गेले. मामींनी तोंडावर पाणी मारलं, केस नीट केले आणि नवी बाहेरची डिस्क आजच्या आज आणायला भाच्याला दमात घेतलं. या वेळी आज-उद्या झालं नाही.

दुपारी शिंपी आला. गळ्याला मऊ कापडाची पट्टी, कपडे कडक इस्त्रीचे. बायको बरोबर होती, मांडीवर मोठी पिशवी घेऊन बसली. सकाळच्या भानगडीचा त्यांना कुणी पत्ता लागू दिला नाही. मामींनी शिंप्याचा फोन घेतला, साचा त्यात घातला, आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"घ्या. टाइप करा आणि हे हिरवं बटण दाबा. काय वाटेल ते बोला."

काय वाटेल ते बोला म्हटलं की कुणालाही सुचत नाही. शिंपी फोनकडं बघत राहिला. सुई-दोऱ्यानं जाड झालेलं बोट त्यानं पुढं नेलं, काहीतरी टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. त्याला संकोच वाटू नये म्हणून डॉक्टर कागद चाळू लागले, मामा खिडकीबाहेर बघू लागले, आणि बायको पिशवीत चष्मा शोधू लागली. शोधता शोधता पुटपुटत होती, आत्ता तर ठेवला होता, गेला कुठं मेला.

आणि खोलीत मोठ्यांदा हाक आली.

"अगं ए!"

दुकान पुढं आणि घर मागं, पुढून मागं ऐकू जावी एवढी ती हाक होती. त्यात थोडी घाई होती, थोडी कटकट होती आणि ती ऐकली जाणारच अशी खात्री होती.

"आले, आले!" बायको म्हणाली आणि उठून उभी राहिली. पिशवी मांडीवरून घरंगळली, आतलं सगळं जमिनीवर सांडलं, तिचं लक्ष नव्हतं. ती वळली, दाराकडं चालायला लागलीसुद्धा. हात पुसायला पदर हातात घेतला होता. मग मधेच थांबली. हळूच मागं वळून बघितलं. नवरा तिथंच खुर्चीत बसला होता, फोन धरून, तोंड मिटून, तिच्याकडं बघत.

शिंप्यानं मान खाली घातली आणि टाइप केलं. एकेक अक्षर शोधायला वेळ लागला.

"काही नाही गं," त्याचा आवाज म्हणाला. "नुसती हाक मारली."

तिनं तोंडावर पदर धरला. खुर्चीपर्यंत आली, पण बसली नाही. त्याच्यासमोर जमिनीवरच, सांडलेल्या सामानात, बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मारा," ती म्हणाली. "अजून एकदा मारा."